फ्लॅटबेडवर चढण्याआधी: जड वाहन परवान्याचा अर्ज, कागदपत्रं आणि माल बांधणी

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) उचला नाहीतर जालन्याहून सळई, उघड्या बॉडीच्या ट्रकसाठी आपल्याकडे वेगळा परवाना नाही. लागतो तो ट्रान्सपोर्ट वाहनाचा परवाना. आरटीओच्या चाचणीत गाडी चालवता येते का ते पाहतात, माल बांधता येतो का ते नाही. त्यामुळे ती दुसरी तयारी स्वतःहून करावी लागते.

आधी वजन बघा. नोंदणी पुस्तकात गाडीचं मालासह एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल, तर साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर ती मालगाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. त्यावर गेलात की ट्रान्सपोर्टचा वर्ग परवान्यात वाढवून घ्यावाच लागतो.

त्यासाठी वय 20 पूर्ण हवं आणि एलएमव्ही परवाना हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. हे वर्ष पक्का परवाना मिळाल्यापासून मोजतात, लर्निंगपासून नव्हे. बरेच जण इथेच अडकतात. आठवी पासची अट 2019 मध्ये काढून टाकली, तेव्हा शाळेच्या दाखल्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर फॉर्म 2 मध्ये भरायचा. सोबत चालू परवाना, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि नोंदणीकृत डॉक्टरचा फॉर्म 1ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो. डॉक्टर नजर, ऐकणं, रातांधळेपणा आणि लाल-हिरवा ओळखता येतो का ते बघतात. चष्मा असेल तर लावूनच जा. नवीन वर्गासाठी लर्निंग पुन्हा काढावं लागतं. ते सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे प्रशिक्षणाचा दाखला, जोडायचा. केंद्रीय नियमांतली फी अशी: लर्निंग 150 रुपये, चाचणी 300, वर्ग वाढवणं 500. कार्डाचे पैसे वेगळे.

अर्ज परत येण्याची कारणं तीच तीच असतात. आधारवर आणि जुन्या परवान्यावर नाव किंवा जन्मतारीख वेगळी असते. नाहीतर फॉर्म 5 देणाऱ्या स्कूलला जड वाहन शिकवायची मान्यताच नसते. प्रवेशाची फी भरण्याआधी त्यांचा मान्यतेचा कागद मागून बघा. नियमाप्रमाणे प्रशिक्षण किमान 30 दिवसांचं आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान 15 तास असायला हवं. नुसती सही करून फॉर्म देणारा तुमचं नुकसानच करतो. ते 15 तास पुढे घाटात उतारावर लागतात.

हा परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत संपल्यावर 30 दिवस गाडी चालवायची जुनी सवलत आता नाही. एक वर्ष उलटून गेलं तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. रसायनं किंवा गॅससारखा धोकादायक माल न्यायचा असेल तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते.

आता हौद्याकडे. सळई साधारण 12 मीटर लांब येते आणि 24 फुटी बॉडी असते 7.3 मीटरची. सळई दुमडून भरा, नाहीतर 40 फुटी ट्रेलर घ्या, पण मागे लोंबकळत ठेवू नका. पूर्वी मागे एक मीटरपर्यंत सूट होती, ती 2014 मध्ये काढली. आज बाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड आहे. जादा वजनाला 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. लोड झाल्यावर वजनकाट्याची पावती घेऊनच निघा.

कॉइल आडवी, म्हणजे भोक बाजूला करून ठेवली, तर ब्रेक मारताच ती केबिनच्या दिशेने घरंगळते. पुढेमागे दोन्हीकडे जाड लाकडी गुटके ठोका आणि साखळी भोकातून ओढून घ्या. कॉइलची धार माल बांधायचा बेल्ट कापते, त्यामुळे कडेवर जाड रबर किंवा कोपरा-पट्टी हवीच. फळीवर तेल, वाळू किंवा गंजाचा चुरा असेल तर आधी झाडून काढा. माल पुढच्या फाळक्याला टेकलेला असू दे. मधे फूटभर मोकळी जागा राहिली तर माल तेवढा वेग घेऊन फाळक्यावर आदळतो.

बेल्टवरचा आकडा नीट वाचा. 50 मिलिमीटरच्या बेल्टच्या लेबलवर 2,500 किलो लिहिलेलं असतं, ते सरळ ओढल्यावरचं. मालावरून टाकून साध्या रॅचेटने (बेल्ट आवळायच्या हँडलने) हाताने आवळलात तर ताण साधारण 300 किलोच येतो. हाताने आवळल्यावरचा हा ताण लेबलवर एसटीएफ म्हणून दिलेला असतो. जोरात ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या 80 टक्के इतका जोर पुढे येऊ शकतो, असं धरून बांधणी करतात. दहा टनांच्या कॉइलला वरून टाकलेले दोन बेल्ट त्यापुढे काहीच नाहीत.

पहिल्या 20-25 किलोमीटरवर गाडी बाजूला घ्या आणि प्रत्येक रॅचेट पुन्हा आवळा, कारण माल बसला की बेल्ट ढिले होतात. पुढे चहाला थांबलात तरी खाली उतरून एक फेरी मारा. कायद्यानेही सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती तुमचा हक्कच आहे, ती बेल्ट बघण्यासाठीही वापरा.