गळती, विद्यापीठीय शिक्षणातील

पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन तो पुरा होण्याआधीच विद्यार्थ्याने शिक्षण सोडणे. महाविद्यालय किंवा शाखा बदलणाऱ्याला गळतीत धरावे की नाही, यावर एकमत नाही.

भारतात शैक्षणिक अपव्यय (शिक्षण मध्येच सोडणे) व स्थगन (एकाच इयत्तेत अडकणे) यांची चर्चा सामान्यतः हार्टोग समितीच्या अहवालापासून (१९२९) मानतात. तिचा रोख मात्र प्राथमिक शाळांवर होता. उच्च शिक्षणातील गळतीची उपपत्ती मुख्यतः अमेरिकेत घडली. विल्यम स्पेडी याने १९७० मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेमच्या आत्महत्याविषयक सिद्धांताचा आधार घेतला : समूहाशी बंध सैल झाले की व्यक्ती समूहाबाहेर पडते. व्हिन्सेंट टिंटो याने १९७५ मध्ये त्यातून सविस्तर प्रतिमान उभे केले. विद्यार्थी अभ्यासात आणि महाविद्यालयाच्या सामाजिक जीवनात कितपत सामावतो, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते, असे तो मानतो. जॉन बीन याने (१९८०) कामगार नोकरी का सोडतात याच्या अभ्यासावरून वेगळी मांडणी केली. पुढे त्याने पैसा, घर, नोकरी अशा बाहेरच्या कारणांना अधिक वजन दिले. टिंटोच्या मांडणीवरील विल्यम टिअर्नी याचा आक्षेप (१९९२) मूलगामी आहे. अमेरिकेतील मूलनिवासी विद्यार्थ्याने ‘सामावणे’ म्हणजे आपली संस्कृती मागे टाकणे. ते जमले नाही तर दोष त्याच्याच माथी येतो. दलित, आदिवासी आणि घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत बीन व टिअर्नी यांची दृष्टी अधिक उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील अनेक अभ्यासक्रमांत एटीकेटीच्या (काही विषय राहिले तरी पुढे जाऊ देण्याच्या) सवलतीने द्वितीय वर्षात जाता येते, पण प्रथम वर्षाचे सर्व विषय सुटल्याखेरीज तृतीय वर्षाला प्रवेश नसतो. एखादा विषय अडला की इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया. त्या वर्षी नियमित प्रवेश नसल्याने वसतिगृहातील जागा व शिष्यवृत्ती धोक्यात येते. खोलीभाडे व मेसचे पैसे कुठून आणायचे म्हणून विद्यार्थी गावी परततो किंवा मिळेल ते काम धरतो. दप्तरी त्याची नोंद नापास म्हणून राहते, जाण्याचे कारण मात्र खर्च हे असते. मुलींच्या बाबतीत लग्न आणि एस.टी.ची गैरसोय यांची भर पडते.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण (२०१०-११ पासून) संस्थानिहाय पटसंख्या व उत्तीर्णांची संख्या देते. एकाच विद्यार्थ्याचा प्रवेशापासून पदवीपर्यंतचा माग त्यातून लागत नाही. त्यामुळे गळतीचे दर अंदाजानेच काढावे लागतात.

राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ पासून उभारलेली वसतिगृहे आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांची ‘कमवा व शिका’ योजना यांनी नेमके राहण्या-जेवण्याचे कारण हेरले होते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) नोकरी करणाऱ्यांना परतीची वाट देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. यामुळे कागदोपत्री गळती घटेल. पैशाअभावी बाहेर पडलेल्याच्या अडचणी त्याने कमी होत नाहीत.