मुका मार आणि किडनीचा फोटो

पोटाला किंवा कमरेला मुका मार बसला आणि लघवीतून रक्त गेलं, की किडनीचा फोटो काढायचा, ही जुनी शिस्त. शिरेतून औषध देऊन मूत्रमार्गाचा एक्स-रे काढणं १९२९ पासून जमू लागलं. पुढची पन्नासेक वर्षं किडनीत डोकावायला या एक्स-रेखेरीज, म्हणजे आयव्हीपीखेरीज, रोजच्या वापरातलं दुसरं काही नव्हतं. लघवीत रक्ताचा अंश सापडला की आयव्हीपी, आणि बहुतेक फिल्म्स स्वच्छ. तो काळ इथेच सोडतो.

खरा तिढा १९८० च्या दशकातला. अमेरिकेतल्या एका मोठ्या अपघात केंद्राने आपल्या मुक्या माराच्या रुग्णांचा हिशोब मांडला. ज्या प्रौढांच्या लघवीत रक्त फक्त मायक्रोस्कोपखाली दिसत होतं आणि जे शॉकमध्ये नव्हते, म्हणजे ज्यांचं ब्लडप्रेशर कोसळलेलं नव्हतं, त्यांच्यात किडनीची मोठी इजा शेकडा एकापेक्षाही कमी निघाली. त्यावरून नियम ठरला: लघवी डोळ्यांना लाल दिसली तर फोटो, रक्त मायक्रोस्कोपिक असलं पण सिस्टॉलिक (वरचं) प्रेशर ९० च्या खाली गेलं, तरीही फोटो, दोन्ही नसेल तर नको. भोसकल्याच्या आणि गोळीच्या जखमांना हा नियम कधीच लागू नव्हता.

नियम शहाणा आहे. त्याने हजारो अनावश्यक फिल्म्स वाचवल्या असणार. पण त्याचा सगळा भार ‘शॉक’ या एका शब्दावर आहे आणि तो शब्द निसरडा. नातेवाइकांना तो विजेचा वाटतो किंवा मनाचा, ते सोडा. डॉक्टरांमध्येही एकवाक्यता नसते. नियमात अपेक्षित असलेलं ९० खालचं प्रेशर म्हणजे अपघातानंतर कधीही, कुठेही नोंदलेलं. अँब्युलन्समध्ये ८४ होतं, सलाइनची बाटली संपेपर्यंत ११० झालं, तरी तो रुग्ण शॉकवालाच. प्रत्यक्षात कॅज्युअल्टीच्या कागदावर ११० उतरतं, अँब्युलन्सची चिठ्ठी स्ट्रेचरच्या गादीखाली राहते आणि ‘शॉक नाही’ असा शेरा पडतो. शिवाय तरुण माणूस बरंच रक्त गेलं तरी प्रेशर टिकवून धरतो. आधी नाडी पळते.

‘मायक्रोस्कोपिक’चीही तीच गत. कोणी मायक्रोस्कोपच्या एका फील्डमध्ये, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या भागात, तीन लाल पेशी धरतं, कोणी पाच. तपासणीची पट्टी लघवीत बुडवून हिरवी झाली म्हणजे रक्तच, असंही नाही. स्नायू चिरडले असतील तर मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनानेही ती रंगते. नमुना पहिल्या लघवीचा हवा. कॅथेटर टाकल्यावर आलेली पहिली धार फेकून तासाभराने बाटलीतली लघवी पाठवली, तर सलाइनने तोवर रक्त धुऊन गेलेलं असतं. आणि रंगाच्या गडदपणावरून इजेची खोली ठरत नाही. लिटरभर लघवी गुलाबी व्हायला मिलिलिटरभर रक्त पुरतं. उलट उंचावरून पडून किंवा वेगातली गाडी आदळून किडनीची धमनी आतून फाटून बंद झाली, किंवा मूत्रनलिका किडनीपासून तुटली, तर लघवी अगदी स्वच्छही येऊ शकते. म्हणूनच जोराचा धक्का, कुशीवरचा काळानिळा वळ, खालच्या बरगड्यांचं फ्रॅक्चर यांना नियमाबाहेरची जागा दिलेली आहे: तिथे लघवी स्वच्छ असली तरी फोटो. पाठांतरात नेमका हाच भाग गळतो.

लहान मुलांत तर प्रेशर अगदी शेवटी कोसळतं. त्यांची किडनी शरीराच्या मानाने मोठी, भोवती चरबी कमी, बरगड्या लवचिक. त्यामुळे मुलांसाठी शॉकची अट बाजूला ठेवून फील्डमागे ५० लाल पेशी हा आकडा बऱ्याच ठिकाणी धरला जातो.

दरम्यान सीटी स्कॅन आला आणि प्रश्नच फिरला. मोठ्या अपघातातला रुग्ण आता यकृत, प्लीहा, कणा पाहायला मशीनमध्ये जातोच. किडनी आपोआप दिसते. सोनोग्राफी पोटात मोकळं रक्त दाखवते, पण किडनीची चीर तिच्यातून सहज निसटते. वाद उरला तो कोणाचा फोटो काढायचा यापेक्षा कितीदा काढायचा याचा. शिरेतून रंगाचं औषध दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी घेतलेल्या स्कॅनच्या फेरीत किडनीचा गर छान उजळतो, पण औषध लघवीत उतरलेलंच नसतं. लघवी गळत असेल तर ती दिसणार कशी? त्यासाठी दहाएक मिनिटं थांबावं लागतं. २०१८ मध्ये इजेची प्रतवारी सुधारली, तीत रक्तवाहिन्यांच्या इजांनाही स्थान मिळालं आणि औषध धमन्यांत असतानाची, आणखी लवकरची फेरीही हवीशी झाली. प्रत्येक जादा फेरीचं रेडिएशन वेगळं.

तेव्हा पेशंट टेबलावरून उतरण्याआधी पहिल्या फेऱ्या कोणीतरी पाहायच्या आणि खोल चीर किंवा किडनीभोवती पाणी, रक्त दिसलं तरच उशिराची फेरी घ्यायची, असा मधला मार्ग निघाला. रात्री दोन वाजता ते पाहायला माणूस हजर असला तर.