खाण बंद झाली तेव्हा गावाचं काय गेलं: ब्रिटनच्या कोळसापट्ट्याची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या कोळसा खाणी ऐंशीच्या दशकातल्या पंतप्रधान थॅचरबाईंनी बंद पाडल्या असं सर्रास म्हणतात, पण पडझड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली. 1913 ला तिथे जवळपास 29 कोटी टन कोळसा निघाला, दहा लाखांवर माणसं या धंद्यात होती, तो कळस. 1947 ला सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, नॅशनल कोल बोर्डाकडे 958 आल्या. मग घरं गॅस नि तेलावर गेली, रेल्वे डिझेलवर आली, आणि साठच्या दशकात शेकडो खाणी बंद झाल्या.

मग पुढे 1984 ला संपाचा जो भडका उडाला, तसा तेव्हा का नाही उडाला? कारण दुसरं काम मिळत होतं. स्कॉटलंड, डरहॅमच्या कामगारांना बोर्ड स्वतःच यॉर्कशायर, नॉटिंगहॅमशायरला हलवत होतं, बाकीचे कारखान्यात लागायचे, गाव सुटायचं पण चूल पेटायची.

ऐंशीच्या दशकात कारखानेही बंद पडत होते आणि अशातच मार्च 1984 मध्ये बोर्डाने 20 खाणी, 20 हजार नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. त्याविरुद्ध खाणकामगारांनी केलेला संप वर्षभर चालला, बायकांनी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, आणि मार्च 1985 ला हाती काहीच न लागता माणसं बँड वाजवत कामावर परतली. त्या परतण्याचं वर्णन वाचलं की आजही गलबलून येतं.

खाण म्हणजे नुसता पगार नव्हता हो. 1920 च्या कायद्याने टनामागे एक पेनी वेल्फेअर फंडात जायची, त्यातून हॉल, मैदानं, पुढे अंघोळीची सोय झाली, शिवाय घरी जाळायला कोळसा मिळायचा. खाण गेली की या सगळ्याचा आधारच गेला. यॉर्कशायरमधल्या ग्राइमथॉर्प गावची खाण 1993 ला बंद झाली, खाणीचा वाद्यवृंद, म्हणजे बँड, मात्र टिकला. बरेच पुरुष बेरोजगारांत न मोजता आजारपणाच्या भत्त्यावर गेले, त्यामुळे सरकारी आकड्यात बेरोजगारी कमी दिसली, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

वेल्समध्ये टॉवर खाणीच्या 239 कामगारांनी प्रत्येकी 8,000 पौंड घालून खाण विकत घेतली नि 1995 पासून 2008 पर्यंत चालवली.

केलिंग्ली ही ब्रिटनमधली शेवटची खोल (जमिनीखालची) कोळसा खाण डिसेंबर 2015 मध्ये बंद झाली. कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र मात्र 30 सप्टेंबर 2024 पर्यंत चालू होतं, मधल्या काळात जळलेला बराचसा कोळसा परदेशातून आलेला.