लिनक्स सर्व्हरचा फिक्स आयपी : फाइल सारखी का बदलत गेली
सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलून चालत नाही, कारण डीएनएसमधे (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा), फायरवॉलमधे, बाकीच्या मशीनवर सगळीकडे तोच टाकलेला असतो. द्यायची माहिती पण वर्षानुवर्षं तीच, आयपी, सबनेट (आपलं नेटवर्क केवढं ते), गेटवे (बाहेर जायचा रस्ता), डीएनएस. तरी जुनी गाइड बघून आजच्या उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) केलं की काहीच होत नाही आणि नवीन पोरांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. तसं नाहीये, ही माहिती लिहायच्या फाइलची जागाच बदललीये.

आधी सगळे पत्ते हातानेच द्यायचे. पत्ता देणारी आयएफकॉन्फिग कमांड १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधली, लिनक्सवर तीच चालली, पण तिने दिलेला पत्ता रीबूट केलं की गेला, म्हणून बूट होताना वाचायला फाइल लागायची आणि फाटे फुटले ते इथे. डेबियन आणि रेड हॅट हे लिनक्सचे दोन मोठे प्रकार, डेबियनने इंटरफेसेस नावाची एकच फाइल ठेवली, रेड हॅटने प्रत्येक नेटवर्क कार्डाला वेगळी आयएफसीएफजी फाइल दिली. १९९३ मधे डीएचसीपी आलं, पत्ता आपोआप मिळायला लागला, मग स्टॅटिक म्हणजे फिक्स आयपी पाहिजे हे मुद्दाम सांगायची वेळ आली.

खरी डोकेदुखी कार्डाच्या नावाची. कर्नलला (लिनक्सचा गाभा) जे कार्ड आधी सापडेल ते ईटीएच०, पुढचं ईटीएच१, आणि दोन कार्डं असली की एखाद्या रीबूटला अदलाबदल होऊन आतल्या नेटवर्कचा पत्ता बाहेरच्या कार्डावर जाऊन बसू शकायचा. २०१३ मधे सिस्टमडीने (बूट होताना सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) कार्ड कुठे बसवलंय त्यावरून नाव द्यायला सुरवात केली, म्हणजे ईएनपी३एस० हे पीसीआय (मदरबोर्डवर कार्डं जोडायची व्यवस्था) बस ३, स्लॉट ० वरचं इथरनेट कार्ड. लोक अजून वैतागतात या नावांवर, पण सर्व्हरसाठी हेच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

नेटवर्कची जोडणी सांभाळणारं नेटवर्कमॅनेजर रेड हॅटने २००४ मधे आणलं ते मुख्यतः सारखं वायफाय बदलणाऱ्या लॅपटॉपसाठी, पुढे तेच त्यांच्या सर्व्हरवर पण आलं, आणि २०२२ च्या आरएचईएल ९ (रेड हॅटचं सर्व्हरसाठीचं लिनक्स) पासून नवीन कनेक्शन आयएफसीएफजीमधे सेव्हच होत नाही, कीफाइल नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमधे होतं.

उबंटूने २०१७ मधे १७.१० ला नेटवर्क सेटिंगसाठी नेटप्लॅन घेतलं. त्याची यामल फाइल (स्पेस देऊन मांडायची साधी टेक्स्ट फाइल), त्यात टॅब चालत नाही, स्पेस चुकली की एरर. पण यातली 'नेटप्लॅन ट्राय' कमांड फार कामाची, नवीन सेटिंग लावते आणि १२० सेकंदात तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनी परत आणते, त्यामुळे लांबच्या सर्व्हरवर एसएसएच (लांबून सर्व्हरवर लॉगिन व्हायचा रस्ता) तुटलं तरी दोन मिनिटांनी परत आत शिरता येतं.