अणुचाचण्यांची भरपाई: वारा कुठे वाहिला आणि हद्द कुठे आखली

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत सही झालेल्या अवाढव्य कर-विधेयकाच्या पोटात एक छोटं प्रकरण होतं. त्यामुळे न्यू मेक्सिकोत चाचणीच्या परिसरात राहणाऱ्या सामान्य लोकांना अणुबॉम्बच्या चाचणीची भरपाई मागण्याचा हक्क पहिल्यांदाच मिळाला. जगातला पहिला अणुस्फोट त्यांच्या उशाशी झाला, तो १६ जुलै १९४५ला. दारूगोळ्याचं कोठार उडालं, असं तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं. छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून पिणारी ती माणसं. वरून पडलेली राख त्याच हौदात गेली. यानंतर ऐंशी वर्षं त्यांचं नाव भरपाईच्या यादीत का आलं नाही, हे कळायचं तर आधी नेवाडात जायला हवं.

नेवाडाच्या वाळवंटात १९५१ ते १९६२ या काळात उघड्या हवेत सुमारे १०० अणुस्फोट झाले. वारा लॉस एंजेलिस किंवा लास वेगासकडे वाहत असेल तर स्फोट पुढे ढकलत. तो पूर्वेकडे, म्हणजे यूटाच्या विरळ वस्तीकडे वळला की काम सुरू. वाऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्या या लोकांना पुढे ‘डाउनविंडर’ हे नाव पडलं. १९ मे १९५३च्या ‘हॅरी’ स्फोटाची धूळ यूटातल्या सेंट जॉर्ज गावावर इतकी उतरली की लोकांना घरात बसा असं सांगावं लागलं. त्याच वसंतात त्या भागात चार हजारांहून जास्त मेंढ्या मेल्या.

यूटातल्याच सीडार सिटीचे मेंढपाळ कोर्टात गेले आणि १९५६ साली हरले. सरकारी तज्ज्ञांनी सांगितलं, मेंढ्या किरणोत्सर्गाने मेल्या नाहीत. १९८२मध्ये त्याच न्यायाधीशांनी, शर्मन क्रिस्टेन्सन यांनी, सरकारने आपल्या कोर्टाची फसवणूक केली होती असं म्हणत जुना निकाल रद्द केला. आपलाच निकाल पंचवीस वर्षांनी फिरवायला न्यायाधीशाला काय वाटलं असेल! वरच्या कोर्टाने मात्र हे उलटवलं. माणसांच्या खटल्याचंही असंच झालं. सुमारे बाराशे दावेदारांपैकी नमुन्यादाखल २४ जणांची प्रकरणं चालली आणि १९८४मध्ये न्यायाधीश ब्रूस जेंकिन्स यांनी त्यातल्या दहांच्या बाजूने निकाल दिला. १९८७मध्ये तोही गेला. चाचण्या घ्यायच्या की नाही आणि कशा घ्यायच्या हा सरकारचा धोरणात्मक निर्णय, आणि अशा निर्णयाबद्दल सरकारवर दावा चालत नाही, हे त्यामागचं कारण. नुकसान झालं की नाही, हा प्रश्नच त्यात बाजूला पडला.

युरेनियमच्या खाणकामगारांची कथा मला याहून काळी वाटते. १९४०च्या दशकापासून नवाहो आदिवासींच्या जमिनीवर खाणी निघाल्या आणि बॉम्बसाठी लागणाऱ्या युरेनियमचं एकमेव गिऱ्हाईक होतं अमेरिकी सरकार. खाणीत हवा खेळायची सोय जवळपास नव्हतीच, आणि युरेनियमच्या खनिजातून निघणारा किरणोत्सारी रेडॉन वायू फुप्फुसात जायचा. मध्य युरोपातल्या खाणकामगारांचा फुप्फुसाचा आजार डॉक्टरांना फार आधीपासून माहीत होता. सरकारच्या आरोग्य सेवेने १९५०मध्ये या कामगारांचा अभ्यासही सुरू केला. धोका काय आहे हे मात्र त्या कामगारांना सांगितलं गेलं नाही. रेडॉनची देशव्यापी मर्यादा १९६७मध्ये आली. माजी मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी त्यांची वकिली केली, पण तिथेही कोर्टाने दार लावून घेतलं.

कोर्टाचं दार बंद झालं म्हणून संसदेचं उघडावं लागलं. १५ ऑक्टोबर १९९० रोजी किरणोत्सर्ग भरपाई कायदा झाला आणि त्यात देशाच्या वतीने माफी मागितली गेली. डाउनविंडरना ५० हजार डॉलर, चाचणीस्थळी हजर असलेल्यांना ७५ हजार, खाणकामगारांना एक लाख. यातली खरी युक्ती अशी की आपला कर्करोग त्याच धुळीने झाला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. ठरलेल्या जिल्ह्यात ठरलेल्या काळात राहिलात, यादीतला आजार झाला, तर दावा मान्य. एकेका माणसाचा कर्करोग कशाने झाला हे विज्ञानाला सांगता येत नाही, त्यामुळे ही सोय उदारच. पण आजाराऐवजी पत्ता महत्त्वाचा ठरला की पत्त्याला हद्द लागते. १९९०च्या हद्दीत यूटा, नेवाडा आणि ॲरिझोनाचे मोजकेच भाग होते. १९९७च्या सरकारी अभ्यासात किरणोत्सारी आयोडीनचे सर्वाधिक डोस आयडाहो आणि मोंटानातल्या काही जिल्ह्यांत आढळले. ते दोन्ही हद्दीबाहेर.

कागदांचा त्रास वेगळाच. पारंपरिक विधीने लग्न झालेल्या नवाहो विधवांकडे लग्नाचा दाखला कुठून येणार? विडीकाडी ओढणाऱ्या कामगाराला खाणीत किरणोत्सर्गाशी जास्त संपर्क आल्याचं सिद्ध करावं लागे. २०००च्या दुरुस्तीने यातलं बरंच सुधारलं, युरेनियमचं खनिज दळणाऱ्या गिरणीत आणि त्याच्या वाहतुकीत काम करणाऱ्यांनाही आत घेतलं. पण त्याच वर्षी निधी आटला आणि मंजूर दावेदारांना पैशाऐवजी ‘देणे आहे’ अशी पत्रं गेली. अण्वस्त्र कारखान्यांतल्या कामगारांसाठी त्याच साली वेगळी योजना निघाली, दीड लाख डॉलर आणि उपचारखर्चाची.

मूळ कायदा जून २०२४मध्ये संपला. तोवर ४० हजारांहून जास्त दावे मंजूर होऊन अडीच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली होती. मार्च २०२४मध्ये सिनेटने ६९ विरुद्ध ३० मतांनी मुदतवाढ दिली, तरी खालच्या सभागृहाने तो प्रस्ताव मतालाच घेतला नाही. पुढच्या वर्षीच्या त्या कर-विधेयकात त्याचा बराचसा भाग परत आला: डाउनविंडरचीही रक्कम एक लाख झाली, आणि न्यू मेक्सिको, संपूर्ण यूटा व आयडाहो आत आले. मिसुरीतल्या सेंट लुईसजवळ बॉम्बच्या युरेनियमचा कचरा साचला होता, तिथे पात्रता ठरते ती पिन कोडवरून. अर्जाची मुदत ३१ डिसेंबर २०२७पर्यंत आहे. मोंटाना अजून बाहेरच आहे.