कॉरोनाग्राफ की स्टारशेड? तारा झाकायचे दोन मार्ग

दूरच्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ किंवा ऑक्सिजन आहे का, हे त्या ग्रहाच्या प्रकाशाचा वर्णपट काढून, म्हणजे तो रंगारंगांत फोडून कळतं. आडवा येतो तो तारा. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या सुमारे १० अब्ज पट तेजस्वी आहे, त्यामुळे आधी तारा झाकावा लागतो. ते काम कॉरोनाग्राफही करतो आणि स्टारशेडही, म्हणून दोन्ही एकच वाटतात. फरक आहे तो झाकण्याच्या जागेचा.

कॉरोनाग्राफ दुर्बिणीच्या पोटात असतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास तो बनवला तो ग्रहणाविना सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचं अंधुक बाह्य वातावरण, पाहायला. आपल्या आदित्य-एल१ वरचं मुख्य उपकरण याच घराण्यातलं. ग्रह शोधताना मात्र पंचाईत होते. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीत शिरलेला असतोच, आणि आरशातल्या बारीकशा दोषानेही तो विखुरून हुबेहूब ग्रहासारखे ठिपके उमटतात. ते पुसायला आकार बदलणारे आरसे लागतात. नासाच्या रोमन या अवकाश दुर्बिणीसाठी असे दोन आरसे आहेत, प्रत्येकामागे ४८ × ४८ सूक्ष्म दट्टे.

स्टारशेड म्हणजे वेगळं यानच. उन्हात डोळ्यांवर हात धरावा तसं ते दुर्बिणीपासून दूर उभं राहतं आणि ताऱ्याचा प्रकाश आत येऊच देत नाही. हॅबेक्स या नासाच्या अवकाश दुर्बिणीच्या आराखड्यात ते ५२ मीटर रुंद आणि सुमारे ७६ हजार किलोमीटर दूर होतं. आडवं सरकायची मुभा जेमतेम मीटरभर. कडेला फुलासारख्या पाकळ्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. साधी गोल तबकडी धरली तर विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश कडेवरून वळत असल्यामुळे, सावलीच्या ऐन मध्यात उजेडाचा ठिपका पडतो, आणि दुर्बीण नेमकी तिथेच असते.

वर्णपटासाठी मला स्टारशेड उजवं वाटतं: ग्रहाचा प्रकाश कमी वाया जातो, एकाच वेळी रंगांचा रुंद पट्टा मिळतो. पण दुसऱ्या ताऱ्याकडे वळायचं तर अख्खं यान हलवायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. कॉरोनाग्राफला दुर्बीण वळवली की झालं.

ताऱ्यांसाठी स्टारशेड अजून एकदाही उडालेलं नाही. सूर्यापुरता जवळचा प्रयोग युरोपच्या प्रोबा-३ चा. डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या या जोडीतलं एक यान १.४ मीटरच्या तबकडीने सूर्य झाकतं, दुसरं सुमारे १५० मीटर मागून प्रभामंडल टिपतं. एवढ्या अंतरावर दोघांना मिलिमीटरच्या हिशेबात रांगेत राहावं लागतं.