शिंका जास्वंदीमुळे नाहीत

पोराला सटासट शिंका आल्या की पहिला संशय कुंडीतल्या फुलांवर. "फुलं हुंगू नकोस" हे आजीचं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

जास्वंदीच्या मधल्या दांडीला बोट लावून बघा. पिवळी पूड चिकटून बसते. तो पराग मोठा, जड, किड्यांच्या आणि पाखरांच्या अंगाला चिकटण्यासाठीच बनलेला. वाऱ्यावर तो फारसा जातच नाही. नाकात शिरतो तो हलका, कोरडा, वाऱ्यावर उडणारा पराग. म्हणजे गवतांचा, आणि मुख्य म्हणजे गाजरगवताचा. आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात तेच. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण 1950 च्या दशकात पुण्यात नजरेत भरलं आणि पुढे देशभर पसरलं. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याकडेला ते पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातं. दिसायला बिचारं!

मोगऱ्यासारख्या उग्र वासाने एखाद्याचं नाक चुरचुरतं, पण ती ॲलर्जी नव्हे.

सर्दी आणि ॲलर्जी ओळखायची कशी? ताप नाही, नाकातून पाण्यासारखं वाहतंय, डोळे खाजतात आणि मूल तळव्याने नाक सारखं वर ढकलतंय, तर ती बहुधा ॲलर्जी. कधीकधी त्याने नाकावर आडवी रेघही उमटते. हे दरवर्षी त्याच हंगामात होत असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. मधाचं चाटण हा इलाज नव्हे. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबातच देऊ नये.

कुंडी राहू द्या. मैदानाकडेचं गाजरगवत फुलण्याआधी उपटा, हातमोजे घालून.